घाटातली कोंडी आणि ऑटो होल्ड

शनिवारी सकाळी बोरघाटात लोणावळ्याकडे चढणारी रांग खोळंबते, तेव्हा गाडी ऑटोमॅटिक असली तरी उजव्या पायाला उसंत नसते. ब्रेक जरा सैल झाला की सपाटीवर गाडी पुढे सरकते, खड्या चढावर मागे. अशा वेळी, थांबलेल्या गाडीत पाय उचलला तरी ब्रेक धरून ठेवणारा ऑटो होल्ड जरूर वापरावा. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या बऱ्याच गाड्यांत तो असतो.

आधी दार नीट लावा, सीटबेल्ट बांधा. त्याशिवाय बहुतेक गाड्यांत तो चालूच होत नाही. इंजिन सुरू करा, ब्रेकवर पाय ठेवा आणि ऑटो होल्डचं बटण दाबा. ह्युंदाई आणि कियाच्या गाड्यांत मीटरवर पांढरा दिवा लागतो. म्हणजे सोय तयार आहे, ब्रेक अजून धरलेला नाही. गाडी पूर्ण थांबेपर्यंत ब्रेक दाबा आणि दिवा हिरवा झाला की मगच पाय उचला. हा हिरवा दिवा पाहायची सवय लावून घ्याच. ब्रेक धरला गेला नसताना पाय काढला, तर गाडी सरकणार. इतर कंपन्यांच्या खुणा वेगळ्या असतात, तेव्हा आपल्या गाडीचं माहितीपुस्तक एकदा उघडून पाहा.

पुढची गाडी हलली की ॲक्सिलरेटर हळूच दाबायचा. ब्रेक आपोआप सुटतो. त्याआधी बंपरसमोरून कोणी चालत नाही ना, बाजूने दुचाकी घुसली नाही ना, हे बघा. पाय मोकळा झाला की हात मोबाइलकडे जातो, आणि मला या सोयीतला सगळ्यात मोठा धोका तोच वाटतो.

शहरातला लांबलचक सिग्नल, उड्डाणपुलाच्या चढावरची रांग, टोलनाका या ठिकाणीही ऑटो होल्ड खुशाल चालू ठेवा.

घाट उतरताना मात्र बंद करा. खोपोलीकडे उतरणाऱ्या कोंडीत ब्रेक किंचित सैल केला की गाडी आपल्या वजनाने हवी तेवढी पुढे जाते. होल्ड लागलेला असेल तर तो सोडवायला ॲक्सिलरेटर दाबावा लागतो. उतार आणि इंजिन दोन्ही मिळून गाडीला ढकलतात, आणि समोरच्या गाडीचा बंपर हातभर अंतरावर असतो. रिव्हर्स घेताना, सोसायटीच्या तळघरात खांबांमधून गाडी लावताना हीच अडचण येते. तिथे इंच-इंच सरकायचं असतं, ते ब्रेकच्या पायानेच जमतं. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पट्ट्यावरून ओढून नेणाऱ्या धुलाई केंद्रातही होल्ड बंदच हवा, कारण तिथे चाकं मोकळी फिरावी लागतात. बंद करताना आधी ब्रेक दाबून धरा, मग बटण दाबा.

होल्ड लागलेला असताना चाकं ब्रेकच्या तेलाच्या दाबावर अडलेली असतात. फार वेळ थांबलात, किंवा बेल्ट काढला, तर अनेक गाड्या स्वतःहून पार्किंग ब्रेक लावतात. पण त्या भरवशावर मुलांना गाडीत ठेवून चहा आणायला उतरू नका. उतरायचं असेल तर ब्रेकवर पाय, मग पार्किंग ब्रेक, मग गिअर 'पी'वर, मग इंजिन बंद. क्रम हाच ठेवा, म्हणजे चढावर गाडीचा भार गिअरबॉक्समधल्या खिट्टीवर येत नाही.