थाळनेरच्या खेळात इंग्रजच का जिंकतात?

प्रश्न : मातीचे शिपाई आणि फासे घेऊन आम्ही मित्रांनी थाळनेरच्या लढाईचा खेळ बसवला आहे. इंग्रज, गढीतले अरब आणि भिल्ल अशा तीन बाजू आहेत. दर वेळी इंग्रजच जिंकतात. सगळ्यांना सारखी ताकद द्यावी का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : तसं केलंत तर तीन रंगांचं एकच सैन्य उरेल. २७ फेब्रुवारी १८१८ला इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेपुढे थाळनेरात जेमतेम तीनशे माणसं होती, बहुतेक अरब. किल्ला त्याच दिवशी पडला. मग ‘किल्ला राखला तर अरब जिंकले’ ही अट ठेवलीत, तर ते हरणारच! अट बदला : ठरावीक फेऱ्या तग धरला किंवा इंग्रजांचे दोन अधिकारी पाडले, की अरबांची सरशी. दरवाज्यातल्या झटापटीत असे अधिकारी खरोखर पडले होते. तिथे एका वेळी दोनच शिपाई भिडू द्या, तोफ बंद.

भिल्लांना गढीत कोंबू नका. त्यांच्यासाठी सातपुड्यातल्या घाटाचा वेगळा डाव मांडा. झाडीत चपळ, मोकळ्यावर कमकुवत. त्यांचे गुण मात्र पटावर झाडी किती, ते पाहूनच ठरवा. सगळीकडे एकच गुणांचा तक्ता लावला, तर तो इथेच फसतो.

तरीही वाद झाला, तर भाकरी वाटताना एक तोडतो आणि दुसरा निवडतो, तसं करा : एकाने फौजा आणि अटी ठरवायच्या, दुसऱ्याने बाजू निवडायची. प्रत्येक डाव बाजू बदलून पुन्हा खेळा, आणि दोन्ही डाव होईपर्यंत नियमांना हात लावू नका. नंतरही एका वेळी एकच नियम बदला.