शेतावरील झोपडीची पाण्याची नळी : हिंव, ऊन आणि काळी जमीन

ज्या शेतकऱ्यास गांवापासून दूरच्या वावरांत सालगड्याच्या कुटुंबाकरितां झोपडी बांधून द्यावी लागते, त्यास विहिरीपासून तेथवर पिण्याचें पाणी नेण्याचा प्रश्न आज ना उद्यां सोडवावाच लागतो. पूर्वीं घागरींवर काम भागत असे. आतां विहिरीवर विजेचा पंप असतो, बाजारांत प्लॅस्टिकच्या नळ्या मिळतात, आणि एका दिवसांत दोनशें हात नळी जमिनीवर पसरून झोपडीच्या दारांत तोटी बसवितां येते. काम झटपट होतें हें खरें. परंतु अशी उघडी टाकलेली नळी थोड्याच वर्षांत निकामी होते. त्याहून वाईट गोष्ट ही कीं, ऐन वैशाखांत, माणसास व जनावरास पाण्याची सर्वांत अधिक गरज असते तेव्हां, तींतून तोंडांत धरवत नाहीं असें कढत पाणी येतें. मजूर तें टाळतात, तहान मारून काम करतात, आणि उष्माघाताचें भय नेमकें अशांनाच अधिक असतें. सबब हा विषय केवळ नळीच्या किंमतीचा नव्हे.

नळीच्या रक्षणाचा कसोशीनें विचार थंड मुलखांत झालेला आहे, व तेथील नियम उलट बाजूनें आपणांसही लागू पडतात. म्हणून प्रथम तिकडे पाहूं. (या लेखांतील अंश सर्वत्र सेंटिग्रेडचे समजावे.) बहुतेक पदार्थ थंड होतां आकुंचन पावतात. पाणी मात्र सुमारें ४ अंशांपर्यंत आकुंचन पावून पुढें प्रसरण पावूं लागतें, आणि बर्फ होतांना त्याचें आकारमान सुमारें अकराव्या हिश्शानें वाढतें. बर्फ जेथें होतो तेथेंच नळी फुटते असा समज आहे, तो पुरता खरा नाहीं. मध्यें बर्फाचें बूच तयार झालें कीं तें वाढत जाऊन पुढील पाण्यास बंद तोटीकडे रेटतें. पाण्यास वाट नसल्यामुळें दाब विलक्षण वाढतो व नळी आपल्या सर्वांत दुबळ्या जागीं फाटते. कडाक्याच्या रात्रीं तोटी थेंब थेंब गळती ठेवण्याची चाल यामुळेंच पडली आहे. परंतु तो तात्पुरता इलाज झाला. कायमचा इलाज म्हणजे हिंव जमिनींत जेथवर पोंचतें त्याच्या खालीं नळी पुरणें, नको तेव्हां ती रिकामी करण्याची सोय ठेवणें, आणि जमिनींतून वर निघणाऱ्या तुकड्यास उष्णतेच्या मंदवाहक पदार्थाचें वेष्टण देणें.

वणी तालुक्यांतील राजुरास नळी गोठण्याचें भय नाहीं. नागपुरास २९ डिसेंबर २०१८ रोजीं पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पण तेवढ्या थंडीनें नळींतील पाण्याचा बर्फ होत नाहीं. तथापि या संबंधांत महाबळेश्वरचें उदाहरण ध्यानांत घेण्यासारखें आहे. तेथें वेण्णा तलावाच्या कांठीं कित्येक हिवाळ्यांत दंव गोठून गवतावर पांढरा थर बसतो, आणि तोही हवेचा पारा शून्याच्या वर असतांना. कारण असें कीं, निरभ्र रात्रीं गवताचें पातें व जमिनीचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोंवतालच्या हवेहून कांहीं अंश अधिक थंड होतात. दिवसां नेमकें याच्या उलट घडतें. नागपुरास २३ मे २०१३ रोजीं ४७.९ अंश उष्णता नोंदली गेली, ती सावलींतील हवेची. त्याच ऊन्हांत उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरांत जातो, आणि आपली काळी नळी पडलेली असते ती त्या जमिनीवर. वर्तमानपत्रांत छापलेला आंकडा वाचून नळीची स्थिति अजमावूं नये.

आतां हिशेब पाहा. एक इंची नळींत दर मीटरास सुमारें अर्धा लिटर पाणी मावतें. म्हणजे शंभर मीटर नळींत जवळजवळ ५० लिटर. दुपारीं तोटी उघडतां हें सर्व तापलेलें पाणी बाहेर पडल्याखेरीज विहिरीचें पाणी हातीं येत नाहीं. पाणी तापलें म्हणजे त्यांतील रोगजंतु मेले असेंही कोणीं समजूं नये. त्यासाठीं उकळीच पाहिजे. उलट कोमट व सांचलेल्या पाण्यांत कित्येक जंतूंची वाढ जोमानें होते.

नळीची स्वतःची हानि निराळीच. पांढऱ्या अथवा करड्या पी. व्ही. सी. नळीवर ऊन सतत पडलें म्हणजे ती ठिसूळ होते व बैलाच्या खुरानेंही तडकते. नळीवर छापलेली दाबाची मर्यादा साधारण २७ अंशांची धरलेली असते. ४५ अंशांच्या सुमारास ती एक-तृतीयांश ते निम्मी कमी होते. शिवाय ४० अंशांच्या फरकानें शंभर मीटर नळी सुमारें २८ सेंटिमीटर लांबते आणि रात्रीं पुन्हां आंखडते. ही ओढाताण सांध्यांवर येते. काळी पॉलिथिनची नळी तिच्यांतील काजळीमुळें ऊन अधिक सोसते, परंतु ती तापते तितकीच व लांबते त्याहून पुष्कळ अधिक. उन्हाळ्यांत धुरे जाळण्याची जी रीत आहे, तिनें किती नळ्या वितळल्या याची गणती कोणीं ठेवली नसेल!

या सर्वांवर मातीसारखें पांघरूण नाहीं. दिवसाची उष्णता व रात्रीची थंडी जमिनींत लाटेप्रमाणें खालीं उतरते आणि दर चार इंचांस तिचा जोर साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो. एका फुटाखालीं पृष्ठभागावरील चढउताराचा विसावा हिस्सासुद्धां क्वचितच उरतो. दोन फुटांवर दिवस व रात्र यांत भेदच राहत नाहीं. तेथें फक्त ऋतूचा फरक जाणवतो, आणि तीन फूट खोल मे महिन्यांतही जमीन ३० अंशांच्या थोडी वरच असते. तेव्हां अडीच ते तीन फूट खोली धरावी. यापेक्षां उथळ नळी ट्रॅक्टरच्या खोल नांगरटींतही सांपडण्याचा संभव असतो. याच खोलीचा हिवाळ्यांतही लाभ आहे: विहिरीचें ऊन पाणी वाटेंत न निवतां येतें, व थंडीच्या रात्रीं तेंच भाजीपाल्याच्या वाफ्यास दिल्यास रोपांस ऊब मिळते.

इतकें सांगून विषय संपला असता, जर आपली जमीन स्थिर असती. थंड देशांत हिंवानें माती फुगून नळी उचलली जाते; तेंच काम आपल्याकडे काळी जमीन पाण्यानें करते. तींतील चिकणमाती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. भारी जमिनींत या भेगा तीन फुटांपर्यंतही जातात. मग भेगेंतून गरम हवा थेट नळीपर्यंत उतरते, आणि मातीचे दोन ढेकूळ दोन दिशांस सरकले कीं मधला सांधा उखडतो. म्हणून भारी काळ्या जमिनींत नळी नुसती त्याच मातीनें बुजवूं नये. चर दीड फूट रुंद घ्यावा, तळाशीं चार इंच बारीक मुरूम अथवा वाळू पसरावी, नळी ताणून सरळ न घालतां किंचित नागमोडी घालावी, आणि तिच्यावर पुन्हां सहा इंच मुरूम देऊन मगच काळी माती लोटावी. मुरुमांत टोंकदार खडा राहूं देऊं नये. अशा जमिनींत सांधे जितके थोडे तितकें बरें; सबब वेटोळ्यांत मिळणारी अखंड पॉलिथिन नळी आम्ही पी. व्ही. सी.हून अधिक पसंत करूं. मूळ किंमत जास्त पडली तरी सांधे उकरण्याची मजुरी वांचते.

चर खणण्यास कार्तिक-मार्गशीर्षाचे दिवस उत्तम, कारण तेव्हां मातींत ओल असते व भेगा पडलेल्या नसतात. वैशाखांत तीच जमीन कुदळीस दाद देत नाहीं.

राजुराच्या आसमंतांत सर्वत्र खोल काळी माती नाहीं. चुन्याच्या भट्ट्यांसाठीं या गांवाचें नांव जुनें आहे, आणि जेथें चुनखडी वर आली आहे तेथें फुटाभरांत कुदळ खडकावर वाजते. तेथें खडक फोडण्याच्या खर्चांत पडूं नये. नळी धुऱ्याच्या कडेनें न्यावी व तिच्यावर दीड फूट उंच, तळाशीं चार फूट रुंद असा मातीचा वरंबा घालून त्यावर गवत वाढूं द्यावें. तुराट्या, पऱ्हाट्या किंवा कुटार यांचें आच्छादन उष्णता उत्तम अडवितें, परंतु त्यांत उंदीर घर करतात व ठिणगी पडल्यास तें नळीसह जातें. तें उघड्यावर वापरूं नये. चुनखडींतील विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. असें पाणी तापलें म्हणजे त्यांतील चुना निवळून नळींत व विशेषतः ठिबकच्या छिद्रांत खपली धरतो. नळी थंड ठेवण्याचा हा आणखी एक फायदा होय.

तोच चुना बाहेरून मात्र उपयोगी आहे. नळी जमिनींतून वर निघून तोटीपर्यंत जाते तो हातभर तुकडा हिंवाच्या मुलखांत सर्वांत आधीं गोठतो व आपल्याकडे सर्वांत आधीं तापतो. तो झोपडीच्या उत्तरेकडील भिंतीस लागून घ्यावा, त्यावर गोणपाटाचे तीन-चार वेढे सुतळीनें घट्ट बांधावे व वरून चुन्याचे दोन हात द्यावे. नुसत्या प्लॅस्टिकवर चुना टिकत नाहीं, गोणपाटावर टिकतो. जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडी नळीवर ओला चुना थेट लावूं नये. तो जस्त खातो. छपरावर काळी टाकी असल्यास ती लिंबाच्या सावलींत खालीं आणावी, निदान गोणपाट व चुना यांनीं पांढरी करावी. पिण्याचें पाणी टाकींतून न घेतां तोटीखालीं झांकणाचा रांजण ठेवून त्यांत घ्यावें. आपल्या वैशाखाच्या कोरड्या हवेंत पाझरणाऱ्या रांजणाइतकें स्वस्त शीतयंत्र दुसरें नाहीं.

चर बुजविण्यापूर्वीं पंप चालवून व तोटी बंद ठेवून अर्धा तास प्रत्येक सांधा हातानें चांचपून पाहावा. नळीच्या सर्वांत सखल जागीं गाळ सोडण्याची एक तोटी ठेवून तिच्याभोंवतीं विटांचा लहान हौद करावा; वर्षांतून दोनदां, मृगापूर्वीं व दिवाळीनंतर, ती उघडून नळी धुवावी. चराच्या वाटेवर दर वीस पावलांस चुना लावलेला दगड रोवावा आणि ती वाट नव्या सालगड्यास व नांगरट करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यास काम सुरू होण्यापूर्वींच दाखवून द्यावी.