हात कुठे जाणार, ते आधी ठरव

माळ्यावरचं ते दीड सीसीचं ऑरोरा तू घेऊन गेलास, तेव्हा मी फक्त "जपून रे" म्हणालो. जपून म्हणजे नेमकं काय, ते राहूनच गेलं. मॉडेल विमानांची, कोलकात्याला बनलेली ही छोटी डिझेल इंजिनं एनसीसीच्या एअर विंगमधल्या कितीतरी पोरांनी बोटानं फ्लिक मारून सुरू केली. ती कला एकाकडून दुसऱ्याकडे पाहूनच जायची. आता दाखवायला मी तिथे नाही आणि फोनवर सांगायला लागलो की तू "हो काका, हो काका" करत राहतोस. म्हणून लिहूनच देतो.

आधी हिशेब बघ. या इंजिनाला ८ बाय ४ चा प्रॉप, म्हणजे प्रॉपेलर, लागतो. ८ म्हणजे टोकापासून टोकापर्यंतची इंचांतली लांबी आणि ४ म्हणजे एका फेऱ्यात तो हवेत किती इंच पुढे सरकेल ते माप. मिनिटाला ९००० फेरे धर. म्हणजे सेकंदाला १५०. पाती दोन, तेव्हा एका जागेवरून सेकंदाला ३०० पाती जातात आणि टोकाचा वेग ताशी ३४५ किलोमीटरच्या आसपास पोचतो. काही लागलं हे कळून हात मागे घ्यायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. छोटं इंजिन बोटाला अडून बंद पडतं हे खरं, पण बंद पडेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं.

सगळ्यांना वाटतं की धोका फ्लिक मारताना असतो. फ्लिक मारताना प्रॉप उलटा येऊन किक बसते, नख काळं पडतं, बोट दोन दिवस ठणकतं. पण टाके पडलेले जे हात मी पाहिले, ते बहुतेक इंजिन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांतले. त्याचं कारण सरळ आहे. अर्धा तास फ्लिक मारून मारून माणूस रडकुंडीला आलेला असतो. मग एकदम फर्रर्र होतं, आनंदाचं भरतं येतं, आणि "अरे, नीडल बंद कर थोडी" म्हणत हात समोरून, थेट प्रॉपवरून नीडलकडे, म्हणजे इंधन कमी-जास्त करायच्या स्क्रूकडे, जातो. तोवर प्रॉप दिसेनासा झालेला असतो. म्हणून माझा कानमंत्र एवढाच: फ्लिक मारण्याआधी ठरव, इंजिन लागल्यावर हात कुठून कुठे जाणार. नीडलपर्यंतचा मागचा रस्ता इंजिन बंद असतानाच दोन-तीनदा चालून बघ. हसतील लोक. हसू देत.

आता पहिल्यापासून. ते इंजिन कित्येक वर्षं पडून होतं. आतलं एरंडेल सुकून चिकटलं असणार. जोर लावून प्रॉपनं फिरवू नकोस आणि पकड तर अजिबात लावू नकोस. हेअर ड्रायरनं बाहेरून गरम कर, एक्झॉस्टमधून थोडं पातळ तेल सोड, एक रात्र राहू दे. हलकं फिरायला लागलं की मगच पुढे. इंजिन व्हाइसमध्ये आवळायचं नाही, क्रँककेस चेपते. जाड लाकडी फळीत खाच कर, चारही स्क्रू घालून त्यात इंजिन बसव आणि ती फळी टेबलाला क्लॅम्प कर. डगमगत्या स्टुलावर पहिली चाचणी घेणारे महाभाग मी पाहिलेत.

इंजिनावर बसवलेला जुना नायलॉनचा प्रॉप टाकून दे. वर्षानुवर्षं कोरडा राहिलेला नायलॉन ठिसूळ होतो. नवीन घे. नवीन प्रॉपच्या कडेला साच्याची बारीक धार राहिलेली असते, ती ब्लेडइतकी कापते. बारीक पॉलिश पेपरनं ती मार. दोन्ही टोकांना पांढरा किंवा पिवळा रंग लाव, म्हणजे फिरताना निदान एक कडं दिसतं. मग प्रॉप बॅलन्स करून बघ. भोकात सळई घालून आडवा धर, जे पातं खाली जाईल ते मागच्या बाजूनं किंचित घास. तडा गेलेला लाकडी प्रॉप फेव्हिकॉल लावून वापरायचा नाही. धातूचा प्रॉप कुणी फुकट दिला तरी घेऊ नकोस. एफएआय या हवाई खेळांच्या जागतिक संघटनेच्या स्पर्धा-नियमांतही धातूच्या पात्यांना बंदीच आहे. नट पान्यानं आवळ, बोटांनी नको. किक बसते तेव्हा क्रँक एकदम उलटी थांबते आणि ढिला नट सुटून प्रॉप समोर उडतो. म्हणून दर वेळी सुरू करण्याआधी नट तपास.

जागा मोकळी आणि स्वच्छ हवी. खडीवर नको, प्रॉप खडे ओढून घेतो आणि फेकतो. प्रॉप ज्या रेषेत फिरतो त्या रेषेत, म्हणजे दोन्ही बाजूंना आणि वर, कुणी उभं राहायचं नाही. पातं तुटलं तर ते तिथूनच जातं. बघ्यांना मागे उभं कर. पाचवीतली पोरं नेमकी तोंड प्रॉपच्या बाजूला आणून वाकतात, त्यांना प्रेमानं पण हात धरून हलव. तुझा युनिफॉर्म असेल तर लॅनयार्ड काढून ठेव. गळ्यातलं ओळखपत्र, मनगटातले गंडेदोरे, अंगठी, लोंबणाऱ्या बाह्या, हेडफोनची वायर, सगळं बाजूला. गॉगल लाव, उन्हाचा नाही, डोळे झाकणारा प्लॅस्टिकचा. आणि इंजिन विमानावर चढवलंस की ते विमान धरायला एक माणूस हवाच. त्यानं मागून, शेपटीच्या पुढे दोन्ही हातांनी धरायचं आणि काहीही झालं तरी सोडायचं नाही. एकटाच असशील तर शेपटीला दोर बांधून जमिनीत ठोकलेल्या खुंटीला अडकव. पायानं दाबून धरणारे आहेत, मला ते पटत नाही.

इंधनाचं तुला ठाऊक आहे. ईथर, रॉकेल आणि एरंडेल, ढोबळमानानं तिसरा-तिसरा हिस्सा. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि ठिणगीनं भडकते. बंद खोलीत मिसळायचं नाही आणि शेजारी कुणी सिगारेट ओढत असेल तर बाटलीच उघडायची नाही.

आता फ्लिक. नीडल अडीच-तीन वळसे उघड. हवेच्या तोंडावर बोट ठेवून प्रॉप सावकाश दोन-तीन फेरे फिरव, नळीतून इंधन पुढे सरकताना दिसेल. त्यानंतर एक्झॉस्टमधून पिस्टनवर एक-दोन थेंब सोड. त्याहून जास्त नको. आणि हे ध्यानात ठेव की डिझेलला बंद ठेवायची कळच नाही. प्लग नाही, बॅटरी नाही. आत इंधन आहे आणि तू दाब दिलास की ते केव्हाही पेटू शकतं. तेव्हा चोक देताना, कॉम्प्रेशन अजमावताना, प्रॉप नुसता सरळ करतानाही ते जिवंत समजूनच धर.

प्रॉप शाफ्टवर कसा बसवतोस यावर अर्धी लढाई असते. पिस्टनचा दाब लागायला सुरुवात होते, तेव्हा पातं अशा जागी हवं की हात तिथून सहज बाहेर निघून जाईल. दाब लागण्यासाठी तुला हात लांबवून आत घालावा लागत असेल, तर नट सोड, प्रॉप फिरवून दुसऱ्या कोनात बसव. दहा मिनिटं लागतील. समोरून पाहिलं तर हे इंजिन घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं, तेही डोक्यात पक्कं बसव.

बोट पात्याच्या मागच्या कडेवर लागतं. ती कडा पातळ असते आणि किक बसते तेव्हा पातं तीच कडा घेऊन उलटं येतं. म्हणून बोटावर जाड कातडी हातमोजा किंवा रबरी टोपण हवं. पातं मुठीत धरायचं नाही, बोटाचा आकडा करून ओढायचं नाही. तर्जनी आणि मधलं बोट जुळवून, पात्याच्या मधल्या भागापासून जरा टोकाकडे, झटकन मारायचं आणि हात तसाच पुढे निघून जायला हवा. कॅरमची सोंगटी मारल्यावर बोट जसं आपोआप सुटतं, तसं. मारून हात तिथेच थांबवणारा हमखास किक खातो. हळू फ्लिक मारणाराही खातो, कारण कमी वेगात पिस्टन वर पोचायच्या आधीच इंधन पेटतं आणि त्याला उलटं ढकलतं. भीतीनं फ्लिक हळू होते. तेव्हा भीती वाटत असेल तर बोट वापरूच नकोस. लाकडी दांड्यावर जाड रबरी नळी चढव आणि तिनं मार. चिकन स्टिक म्हणतात तिला. तिच्यात कमीपणा काही नाही. मोठ्या इंजिनांवर सराईत माणसंसुद्धा तीच वापरतात. स्पर्धेत बोटानं सुरू करणाऱ्याकडे बघून खूप जणांना चेव येतो, तुलाही येईल.

कॉम्प्रेशनचा टी-बार आधी सैल ठेव. फ्लिक मारत थोडा-थोडा आवळ. एखादा "पट" असा आवाज आला की जवळ आलोय असं समज. पण प्रॉप फिरवताना वर एकदम घट्ट, दगडासारखं लागलं, तर तिथेच थांब. पिस्टनच्या डोक्यावर इंधन साचलंय आणि द्रव दबत नाही. जोर केलास तर कनेक्टिंग रॉड वाकतो. टी-बार एक वळसा सोड, इंजिन एक्झॉस्ट खाली येईल असं वळव, हातानं सावकाश फिरवून ते इंधन बाहेर काढ. अशा वेळी इलेक्ट्रिक स्टार्टर लावणारा माणूस इंजिन मोडतो.

दमलास की थांब. सलग फ्लिक मारून बोटं बधिर होतात आणि बधिर हात कुठे आहे ते माणसाला कळत नाही. चहा पी, नळीत हवेचा बुडबुडा आहे का बघ, मग ये. आणि दोघांपैकी एकानंच बोलायचं. धरणारा एक सांगतो, फ्लिक मारणारा दुसरंच सांगतो, असं झालं की हात चुकतो.

इंजिन लागलं. आता काहीच करू नकोस. क्षणभर हात पोटाशी घेऊन नुसतं ऐक. मग ऊठ, पंखाच्या टोकाला वळसा घालून मागे जा, गुडघा टेकून बस आणि मागूनच, विमानाच्या अंगाला घासत हात पुढे ने. नीडल प्रॉपपासून इंच-दीड इंचावर असेल तर तिला तार जोडून लांब कर आणि मागच्या बाजूला वाकव. ते काम आजच करून टाक. गरम झाल्यावर कॉम्प्रेशन किंचित सैल करावं लागतं, पण टी-बार डोक्यावर असतो आणि बोटं नकळत पुढे घसरतात. म्हणून मनगट विमानाला टेकवून, बोटांच्या टोकांनीच फिरव. काही खाली पडलं, पाना किंवा चिंधी, तर पडू दे. पडत्या वस्तूला झेलायला हात आपणहून धावतो आणि तो नेमका प्रॉपकडेच धावतो. विमान पुढे सरकायला लागलं तर पंख धर, नाक नाही.

बंद करायला मागून इंधनाची नळी चिमटीत दाब. हवेच्या तोंडावर बोट ठेवायची सवय नको, या इंजिनात ते प्रॉपच्या फार जवळ आहे.

पुढे ग्लो इंजिन घेशील. त्याला दीड व्होल्टची बॅटरी प्लगवर लावतात. चोक देताना ती काढलेली असावी, लावल्यावर प्रॉपला सहज म्हणून हात लावायचा नाही, आणि इंजिन लागल्यावर क्लिप मागूनच काढायची. वायर लांब लोंबत असेल तर प्रॉप तिला गुंडाळतो, तीही टेपनं अंगाला चिकटव. त्याचं इंधन मिथेनॉलवर चालतं. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही आणि ते पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनंच. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नकोस, घरात लहान मुलं आहेत.

आणि तुझ्या त्या बॅटरीवरच्या विमानांबद्दल एक. इंजिनवाल्यांना तुम्ही हसता, पण मला मोटरचीच जास्त धास्ती वाटते. इंजिन बोटाला अडून बंद तरी पडतं. मोटर अडली की जास्त करंट ओढून आणखी जोरानं फिरायला बघते. शिवाय ती न सांगता सुरू होते. रिमोटच्या स्टिकला शर्टाची बाही लागली तरी पुरे. घरात बसून रिसीव्हर जोडताना, मोटरचा वेग सांभाळणारं ईएससी सेट करताना प्रॉप काढूनच ठेव. मैदानात बॅटरी जोडलीस की उडेपर्यंत प्रॉपच्या समोर जायचं नाही, हात मागूनच.

इतकं करूनही लागलंच, तर आधी अंगठी काढ, बोट सुजल्यावर निघत नाही. स्वच्छ कापडानं घट्ट दाबून हात वर धर. हळद, कॉफी काही भरू नकोस, डॉक्टरांना आतली शीर आणि स्नायुबंध दिसायला हवेत. जखम लहान दिसली तरी बोट पूर्ण वाकतंय का, शेंड्याला स्पर्श कळतोय का ते बघ. यातलं एक जरी होत नसेल तर गल्लीतल्या दवाखान्यात टाके घालून घेऊ नकोस, हाताचे सर्जन असतील तिथे जा. तुकडा तुटलाच तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल आणि ती पिशवी बर्फात ठेव. तुकडा सरळ बर्फावर ठेवलास तर तो निकामी होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घे. आणि गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला दे.