नवे किती, जुने किती? हॉकी संघातील जोड्यांचे गणित

पावसाळा ऐन भरात असताना पवईकडे जाण्याचा योग आला, तर तलावाच्या बांधावरून ओसंडणारे पाणी जरूर पाहावे. हा तलाव १८९० साली बांधला गेला. त्यात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी मावते आणि त्याचे पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर आहे. मुंबईच्या उपनगरांत पावसाळ्यात सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आता गुणाकार करा. एवढ्या क्षेत्रावर साधारण १,५२० कोटी लिटर पाणी कोसळते. त्यातले निम्मे जमिनीत मुरले आणि वाफ होऊन गेले असे धरले, तरी ७६० कोटी लिटर तलावाकडे येतेच. मावते ५४५ कोटी, येते ७६० कोटी. मग तलाव ओसंडणार नाही तर काय होईल?

या दोन आकड्यांचा भागाकार केला तर आणखी एक गोष्ट कळते. ५४५ ला ७६० ने भागल्यास सुमारे ०.७ येतात. म्हणजे पाण्याचा एखादा थेंब तलावात सरासरी आठ-नऊ महिने मुक्काम करतो व मग बाहेर पडतो. पाऊस चारच महिने पडत असल्याने हा हिशेब ढोबळ आहे. पण त्यामागचा नियम पक्का आहे. साठा कायम राहत असेल, तर

साठा = वार्षिक आवक × सरासरी मुक्काम (वर्षांत).

हा नियम पाण्यालाच लागू पडतो असे नाही. शाळेतील विद्यार्थी, ग्रंथालयातील पुस्तके, गोठ्यातील गुरे, जेथे जेथे काही येते, राहते आणि जाते, तेथे तेथे तो लागू पडतो. आज आपण तो हॉकीच्या संघाला लावून पाहणार आहोत.

पवई तलावाच्या काठीच आयआयटीचा परिसर आहे. देशातील आयआयटींच्या आपापसातील क्रीडास्पर्धांत हॉकीही खेळली जाते. तेथील पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. समजा, अशा एका संस्थेच्या संघात १६ खेळाडू आहेत आणि प्रत्येक जण चारही वर्षे संघात टिकतो. मग आपल्या नियमाप्रमाणे १६ ला ४ ने भागून दरवर्षी ४ नवे खेळाडू घ्यावेच लागतील. शिक्षकांची इच्छा असो वा नसो, पदवी हाती पडली की चांगला गोलरक्षकही निघून जाणार! मुंबईतील कंपन्या, रेल्वे व बँका यांच्या संघांचे तसे नाही. तेथे खेळाडूला नोकरी असते. तो आठ वर्षे टिकला तर दरवर्षी दोनच नवे लागतात. राष्ट्रीय संघात तर कोण कधी जाणार आणि कोण कधी येणार हे निवड समिती ठरवते. खरा प्रश्न येथे सुरू होतो. जुने खेळाडू बदलायचे आहेतच, पण ते किती व केव्हा?

आता थोडे अंकगणित. हॉकीत एकटा खेळाडू फारसे काही करू शकत नाही. चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि तो देणाऱ्याला घेणाऱ्याची सवय ठाऊक असावी लागते. हा डावीकडे वळेल की उजवीकडे, याला चेंडू पायाशी हवा की चार पावले पुढे, हे सांगायला सामन्यात वेळ नसतो. अशी ओळख दोघांमध्ये तयार होते. म्हणून आपण संघातील खेळाडू न मोजता जोड्या मोजू. संघात न खेळाडू असतील, तर जोड्यांची संख्या

न × (न − १) ÷ २.

१६ जणांच्या संघात १६ × १५ ÷ २ म्हणजे १२० जोड्या होतात. त्यातले दोन खेळाडू बदलले, तर उरलेल्या १४ जणांच्या ९१ जोड्या जुन्याच राहतात, म्हणजे १०० पैकी ७६. चार बदलले तर ६६ उरतात, शेकडा ५५. आणि सात बदलले तर? उरलेल्या नऊ जणांच्या जोड्या फक्त ३६. शेकडा ३०! निम्म्याहून कमी खेळाडू बदलले, पण निम्म्याहून कितीतरी अधिक ओळखी पुसल्या गेल्या. खेळाडू सरळ रेषेत कमी होतात, जोड्या मात्र जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात कमी होतात. बाकावर बसलेल्या प्रेक्षकाला सात नवे चेहरे दिसतात. मैदानातल्या खेळाडूला ८४ अनोळखी जोड्या जाणवतात.

सातचा आकडा मी उगाच घेतलेला नाही. डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉक येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. यापूर्वीचे सुवर्णपदक १९६६ चे, म्हणजे मध्ये ३२ वर्षे गेली होती. संघाचे कर्णधार होते धनराज पिल्ले. त्यानंतर लगेच धनराज व आणखी सहा ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर ठेवले गेले. त्यांना विश्रांती दिली आहे, असे अधिकृत कारण देण्यात आले. खेळाडूंनी मानधन व सोयींबद्दल तक्रार केली होती, त्याचा हा राग आहे, असेही पुष्कळांनी म्हटले. कारण काहीही असो, १६ तून ७ एकदम वजा झाले की काय उरते, ते आपण आत्ताच मोजले. धनराज पुढे संघात परतले आणि २००० व २००४ च्या ऑलिंपिकमध्येही खेळले.

याच धनराजांची सुरुवात कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १९६८ चा, पुण्याजवळच्या खडकीचा. मोडक्या स्टिक आणि कोणी टाकून दिलेले चेंडू घेऊन ते खेळायला शिकले. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास ते मुंबईला थोरले बंधू रमेश यांच्याकडे आले. रमेश तेव्हा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आर.सी.एफ., या कंपनीच्या संघातून मुंबईच्या लीगमध्ये खेळत आणि भारताकडूनही खेळून चुकले होते. पुढे धनराज महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या संघात गेले. तेथे त्यांना शिकवायला होते १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळलेले जोकिम कार्व्हालो. खडकीहून आलेल्या या वेगवान पोराला प्रत्येक पायरीवर कोणीतरी जाणते माणूस भेटले. एका वेळी एकच नवखा आणि भोवती अनेक अनुभवी, अशी ती रचना होती. कंपनीच्या संघांनी मुंबईच्या हॉकीसाठी केलेले हे काम फारसे कोणी मोजलेले नाही, असे मला वाटते.

कोणी विचारील, मग जुनेच खेळाडू का ठेवू नयेत? १२० च्या १२० जोड्या शाबूत राहतील! याचे उत्तर शरीरशास्त्र देते. न बदललेल्या संघाचे सरासरी वय दरवर्षी बरोबर एका वर्षाने वाढते. हृदयाचे ठोके मिनिटाला जास्तीत जास्त किती पडू शकतात, याचा एक ढोबळ नियम आहे: २२० मधून वय वजा करा. विशीतल्या मुलाचे २००, पस्तिशीतल्या खेळाडूचे १८५. ठोके कमी म्हणजे स्नायूंना मिळणारा प्राणवायूही कमी. साधारण तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दहा वर्षांनी शेकडा दहाच्या आसपास घटते. नियमित सराव करणाऱ्यांत ही घट बरीच मंद असते, पण थांबत नाही. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर आली आणि खेळ पूर्वीपेक्षा पुष्कळ वेगवान झाला. अशा मैदानावर पुन्हा पुन्हा धावत जायला तरुण पाय हवेतच.

मात्र हॉकी पायांनी जितकी खेळली जाते, तितकीच डोळ्यांनी. येथे एक प्रयोग करून पाहा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. तिच्या खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, तुमचा अंगठा व तर्जनी उघडी ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडावी, तुम्ही ती पकडावी. समजा, तुम्ही ती २० सेंटिमीटरच्या खुणेवर पकडली. पडणाऱ्या वस्तूच्या सूत्राप्रमाणे, अंतराच्या दुपटीला गुरुत्वत्वरणाने भागून वर्गमूळ काढले की वेळ मिळतो. ०.४० भागिले ९.८, त्याचे वर्गमूळ सुमारे ०.२० सेकंद. हा तुमचा प्रतिक्रियाकाल. दहा वेळा करून सरासरी काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनही करून घ्या. फरक दिसेल, पण वाटतो तेवढा मोठा नसेल.

आता गोलरक्षकाकडे वळू. पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग फ्लिक मारणारा खेळाडू गोलापासून सुमारे १५ मीटरवर असतो. चेंडूचा वेग सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर धरला, तर चेंडू अर्ध्या सेकंदात गोलाशी पोहोचतो. त्यातला ०.२ सेकंद केवळ 'चेंडू सुटला' हे कळण्यात जातो. उरलेल्या ०.३ सेकंदात अंगावरच्या सर्व जामानिम्यासह झेप घ्यायची! केवळ चपळाईवर हे क्वचितच साधते. मुरलेला गोलरक्षक चेंडू सुटण्याची वाटच पाहत नाही. मारणाऱ्याचे पाऊल कोठे पडले, खांदा कसा वळला, स्टिकचे टोक कोणत्या बाजूला आहे, हे तो आधीच वाचतो. हे वाचन हजारो फटके अंगावर घेतल्यावर येते. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये (ते २०२१ साली झाले) कांस्यपदकाच्या सामन्यात भारत जर्मनीविरुद्ध ५-४ असा पुढे होता आणि अगदी शेवटच्या क्षणी जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. तो अडवणारे श्रीजेश तेव्हा ३३ वर्षांचे होते.

त्या टोकियोच्या संघाकडे आपल्या हिशेबाच्या दृष्टीने पाहा. डिसेंबर २०१६ मध्ये लखनौ येथे भारताच्या कुमार संघाने बेल्जियमला २-१ असे हरवून कुमारांचा विश्वचषक जिंकला होता. त्या विजयी संघातील सात जण टोकियोच्या संघात होते. पुन्हा सातच! पण हे सात एकदम आले नव्हते. मनदीप सिंग व हरमनप्रीत सिंग लखनौच्या आधीच वरिष्ठ संघातून खेळले होते. हरमनप्रीत तर त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकला जाऊन आला होता. बाकीचे पुढच्या काही वर्षांत एक एक करून आले. हरमनप्रीत त्या काळात हॉकी इंडिया लीगमध्ये 'दबंग मुंबई' या व्यावसायिक संघाकडूनही खेळत असे, आणि त्या संघात परदेशांतील मुरलेले खेळाडू होते. चार वर्षांत दरवर्षी दोन याप्रमाणे आठ खेळाडू बदलले, तर प्रत्येक वर्षी ९१ जोड्या शाबूत असतात आणि प्रत्येक नवख्याभोवती १४ जाणते असतात. तेच आठ एका दिवसात बदलले तर २८ जोड्या उरतात, आणि शिकवायला आठच जण. शिवाय एकदम आलेले एकदमच म्हातारे होतात, हा तोटा आठ-दहा वर्षांनी कळतो.

या गणिताला अर्थातच मर्यादा आहेत. सर्व जोड्या सारख्या मोलाच्या नसतात. डावीकडचा बचावपटू आणि उजव्या बगलेचा आघाडीचा खेळाडू यांची सामन्यात फारशी गाठ पडत नाही. उलट पेनल्टी कॉर्नरवर चेंडू आत ढकलणारा, तो थांबवणारा आणि फटका मारणारा या तिघांच्या तीन जोड्या बाकीच्या तीसांच्या बरोबरीच्या! आणि वयाची चांगली सरमिसळ केली म्हणजे पदक मिळतेच, असेही नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये भारताच्या एकाच संघात ३६ वर्षांचे धनराज पिल्ले होते आणि २० वर्षांचा मुंबईचा गोलरक्षक एड्रियन डिसूझाही. वीरेन रस्किन्हा हा आणखी एक मुंबईकर २३ वर्षांचा होता. त्या स्पर्धेत भारत सातवा आला.

गोलरक्षकांचा प्रश्न तर सर्वांत अवघड, कारण ती जागा एकच. बाकी दहा जागांवर नवख्याला पाच-दहा मिनिटे खेळवता येते. हॉकीत कितीही वेळा खेळाडू बदलण्याची मुभा आहे. गोलरक्षक मात्र सहसा बदलत नाहीत. श्रीजेश २००६ पासून २०२४ पर्यंत भारताकडून खेळले. त्यांच्या मागे उभे असलेल्यांना किती वाट पाहावी लागली असेल! मुंबईचा सूरज करकेरा त्यांपैकी एक. मर्झबान पटेल, मुंबईच्या हॉकीतले सर्वांचे 'बावा', यांच्या हाताखाली तो तयार झाला. बावांना २०१९ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. २०१७ साली श्रीजेश दुखापतीमुळे बाहेर असताना ढाक्याच्या आशिया चषकासाठी भारताचे दोन गोलरक्षक होते सूरज आणि यवतमाळचा आकाश चिकटे, दोघेही महाराष्ट्राचे. भारताने तो चषक जिंकला. नंतर श्रीजेश खेळत असतानाच काही सामन्यांत कृष्ण पाठक या तरुण गोलरक्षकाला मधले एखाद-दोन डाव देण्याची पद्धत पडली. आजचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांचा असल्यामुळे हे सोपे जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसचे कांस्यपदक घेऊन श्रीजेश निवृत्त झाले. पुढच्याच महिन्यात चीनमध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडकाची स्पर्धा झाली, तेव्हा गोलात पाठक व करकेरा होते. तो करंडक भारताने जिंकला.

शिक्षकांसाठी एक उपक्रम सुचवतो. आपल्या शाळेच्या कबड्डी वा खो-खो संघाची गेल्या पाच वर्षांची यादी व्यायामशिक्षकांच्या दप्तरात बहुधा सापडेल. लागोपाठच्या दोन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवा आणि दोन्हींत असलेली नावे मोजा. कबड्डीत एका वेळी ७ जण मैदानात असतात. त्यांच्या जोड्या २१. दहावीचे तीन विद्यार्थी गेले तर ६ च उरतात. कोणत्या वर्षी किती जोड्या टिकल्या याचा आलेख काढा, त्याच कागदावर त्या वर्षी जिंकलेले सामने मांडा, आणि दोन रेषा बरोबर चालतात की नाही ते वर्गात पाहा.