मालमोटारीच्या टाकीतील युरिया

कांदा, ऊस, द्राक्षे वाहण्याकरिता आपल्यापैकी काही बागाइतदारांनी स्वतःच्या मालमोटारी घेतल्या आहेत. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा हे धुराचे मानक लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक मोठ्या मालमोटारींस डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची एक लहान टाकी असते व तीत युरियाचा द्रव भरावा लागतो. हा युरिया म्हणजे आपल्या गोणीतलाच, अशी कित्येकांची समजूत आम्हांस आढळली. म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

डिझेल तीव्र उष्णतेने जळते तेव्हा हवेतील नत्र व प्राणवायू यांचा संयोग होऊन नत्राची ऑक्साइडे बनतात. ती छातीस तर अपायकारक आहेतच. परंतु उन्हात त्यांपासून जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो आणि तो उभ्या पिकासही बाधतो. धुराच्या वाटेत युरियाचा द्रव फवारला म्हणजे त्याचा अमोनिया होतो. हा अमोनिया व ती ऑक्साइडे एका रासायनिक जाळीतून जाताना एकमेकांशी मिळतात, आणि बाहेर निरुपद्रवी नत्र व पाण्याची वाफ पडते.

ह्या द्रवात शुद्ध युरिया शेकडा 32.5 व बाकी क्षारविरहित पाणी असते. 45 किलोच्या एका गोणीत असा द्रव सव्वाशे लिटर होईल, हा हिशेब मोह पाडणारा खरा. पण खताच्या युरियावर 2015 पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो लेप, खतातील इतर अशुद्ध द्रव्ये व विहिरीच्या पाण्यातील क्षार फवाऱ्याच्या तोंडात आणि जाळीत बसतात, व ती जाळी फार महाग असते. शिवाय सवलतीचे खत अन्य कामी लावणे 1985 च्या खत नियंत्रण आदेशाने निषिद्ध आहे. कोणी तर ही योजनाच बंद करवून घेतात. त्यांस आम्ही काटकसरी म्हणणार नाही.

तथापि एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यावर ह्या टाकीचा इलाज नाही. तेथे डिझेलच कमी जाळले पाहिजे. वाशीस कांदा उतरवून मोकळी परतणारी मोटार निम्मी वाट नुसती हवा वाहते, आणि तो खर्च अखेर आपल्याच पट्टीतून जातो. परतीस पेंड, खत वा किराणा मिळवून देण्याचे काम गावच्या सोसायटीने अंगावर घ्यावे. टायरांतील हवा दर खेपेपूर्वी मोजावी, व बाजाराच्या दारी रांगेत उभे असता इंजिन बंद ठेवावे. एवढे तर चालकास आजच सांगता येईल.