गॅसची नळी नसलेले घर

नेदरलँड्स नावाचा एक देश आहे. आपल्याकडची जुनी माणसे त्याला हॉलंड म्हणतात. तो युरोपात, समुद्राच्या काठी आहे. देश लहान, आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनही थोडा कमीच. या देशात आज कोणी नवे घर बांधायला काढले, तर त्याला गॅसची जोडणी मिळत नाही. १ जुलै २०१८ पासून तसा कायदाच आहे. फारच अडचण असेल तर नगरपालिका सूट देऊ शकते, एवढेच.

इथे गॅस म्हणजे आपला सिलिंडर नव्हे, बरं का. तिथला गॅस जमिनीखालच्या नळीने थेट घरात येतो, आपल्या नळाला पाणी येतं तसा. त्यावर स्वयंपाक होतो, अंघोळीचे पाणी तापते. पण त्याचे सर्वांत मोठे काम निराळेच आहे. ते म्हणजे घर गरम ठेवणे. हिवाळ्यात तिथे पारा शून्याच्या आसपास येतो. घरात ऊब नसेल तर म्हाताऱ्या माणसांचे आणि तान्ह्या मुलांचे हाल होतात.

मग असा उपयोगाचा गॅस बंद का करायचा? त्याची हकीकत ऐका.

१९५९ साली ग्रोनिंगेन प्रांतात, स्लोख्तेरेन गावाजवळ, जमिनीखाली गॅसचा प्रचंड साठा सापडला. सरकारने देशभर नळ्या घातल्या. दहा-पंधरा वर्षांत बहुतेक घरांत गॅस गेला. कोळशाच्या खाणी बंद झाल्या. शेवटची १९७४ साली. सरकारी तिजोरीत पैसा आला. सगळे खूश.

हा गॅस जमिनीखाली सुमारे तीन किलोमीटरवर, वाळूच्या दगडाच्या बारीक छिद्रांत भरलेला होता. तो काढत गेले तसा आतला दाब कमी झाला आणि दगड खचू लागला. धान्याच्या पोत्यांची थप्पी डोळ्यांसमोर आणा. खालच्या पोत्याला भोक पडून धान्य गळत राहिलं, तर वरची पोती हळूहळू बसतात, आणि मधेच एखादं धपकन सरकतं. जमिनीतही तसेच झाले. भूकंप होऊ लागले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हुइझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. १९६७ चा आपला कोयनेचा भूकंप याहून कितीतरी मोठा होता. पण हे धक्के जमिनीच्या फार जवळ होतात, आणि तिथली विटांची घरे भूकंपाचा विचार करून बांधलेली नव्हती. हजारो घरांना तडे गेले. काही घरांच्या भिंतींना बाहेरून लाकडी टेकू लावावे लागले.

लोक भरपाईसाठी वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले. पुढे तिथल्या संसदेने चौकशी केली. ग्रोनिंगेनच्या लोकांकडे दुर्लक्ष झाले, असा निष्कर्ष २०२३ च्या फेब्रुवारीत निघाला. गॅसचा फायदा साऱ्या देशाने घेतला आणि भिंती चिरल्या एका प्रांताच्या. १ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथला उपसा थांबला, आणि २०२४ साली कायद्याने तो कायमचा बंद झाला. गॅस संपला म्हणून नव्हे. खाली अजून पुष्कळ आहे. गॅस जाळल्याने हवेत जो कर्बवायू जातो आणि पृथ्वी तापते, तेही नवा कायदा करण्याचे एक कारण होते.

आता नव्या घराकडे वळू. पुष्कळांना वाटते की गॅसची शेगडी काढली, विजेची ठेवली, की झाले! तसे नाही. शेगडी ही शेवटची गोष्ट. पहिली गोष्ट भिंत. भिंतीत, छपरात आणि फरशीखाली ऊब धरून ठेवणारा जाड थर घालतात. खिडक्यांना दुहेरी किंवा तिहेरी काच बसवतात. फटी बुजवतात, आणि ताजी हवा आत येण्याची निराळी सोय करतात. हे सारे पाया घालण्याआधी नकाशात ठरवावे लागते. मागाहून करायचे तर भिंती उकराव्या लागतात आणि खर्च फार वाढतो. जुन्या घरांत अजून बहुतेक ठिकाणी गॅसच आहे, त्याचे एक कारण हे.

मग येतो हीट पंप. हे यंत्र समजून घेण्यासारखे आहे. विहिरीवरचा रहाट पाणी तयार करत नाही. खाली असलेले पाणी तो वर आणतो. हीट पंपही ऊब तयार करत नाही. बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली ऊब तो घरात आणतो. तुम्ही म्हणाल, शून्य अंशाच्या हवेत कसली ऊब? असते. यंत्रात असा द्रव फिरवतात की जो फार थंडीतही उकळतो. प्रोपेन हा त्यांतला एक. तो शून्याखाली ४२ अंशांवरच उकळतो. मग त्याच्यापुढे शून्य अंशाची हवा गरमच की! हवेतली ऊब घेऊन द्रवाची वाफ होते. पंप ती वाफ दाबतो. दाबली की ती तापते, आणि तिची उष्णता पाण्याला मिळते. गंमत अशी की प्रोपेन आपल्या सिलिंडरच्या गॅसातही असतो. इथे मात्र तो जळत नाही, बंद नळीत नुसता फिरतो.

एक युनिट वीज खर्चून घरात तीन-चार युनिट ऊब येते. पण एक अट आहे. पाणी फार तापवायचे नाही. ३५ अंशांचे कोमट पाणी फरशीखालच्या नळ्यांतून फिरवायचे. एवढ्याने घर उबदार राहते, ते भिंतीतल्या त्या थरामुळे. थर नसेल तर पंप रात्रंदिवस चालेल आणि बिल पाहून डोळे पांढरे होतील.

काही लोक विचारतात, वीजही गॅस जाळूनच करतात ना? काही करतात, हे खरे. तिथली सुमारे निम्मी वीज आता वारा, ऊन आणि इतर न संपणाऱ्या साधनांतून येते. पण उरलेल्या विजेचाही हिशेब करून पाहा. चांगल्या वीजघरात दोन युनिट गॅस जाळला तर निदान एक युनिट वीज मिळते. त्या विजेवर पंपाने तीन युनिट ऊब आणली. म्हणजे दोनाचे तीन झाले. घरात गॅस जाळला असता तर दोनाचे दोनही मिळाले नसते.

विजेच्या जोडणीचा हिशेबही आधी करावा लागतो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. २३० व्होल्ट आणि २५ अँपिअरची एकच फेज असेल तर ५,७५० वॉट होतात. शेगडी पूर्ण चालवली तर तिलाच सात हजारांच्या आसपास लागतात. म्हणून नव्या घराला थ्री फेज घेतात. विहिरीवर मोटर असणाऱ्याला थ्री फेज म्हणजे काय ते सांगायला नको. सगळा देश विजेकडे वळल्याने तिथल्या तारा आता अपुऱ्या पडत आहेत. अनेक कारखाने नव्या जोडणीसाठी रांगेत उभे आहेत. सरकारने घरांसाठी कायदा आधी केला आणि तारांची चिंता मागाहून, असे माझे मत आहे.

राहिला स्वयंपाक. इंडक्शन शेगडीवर जाळ नसतो. काचेखाली तारेचे वेटोळे असते. त्यात वीज खेळली की भांड्याचा बूड आपोआप तापतो. काच तापते ती भांड्यामुळे. भांडे मात्र चुंबक चिकटेल असे हवे. बिडाचा तवा चालतो. साधे ॲल्युमिनियमचे पातेले चालत नाही. मातीचेही नाही. त्या देशात आता नोकरीनिमित्त गेलेली आपली मराठी माणसेही राहतात. अशा घरात भाकरी जाळावर धरता येत नाही. ती तव्यावरच उलटवून, फडक्याने कडा दाबून फुगवावी लागते. तवाही सपाट बुडाचा लागतो, खोलगट असला तर मधेच तापतो आणि भाकरीच्या कडा कच्च्या राहतात.