डोळ्यात थेंब टाकण्याआधी बाटली वाचा



आमच्या शिक्षक खोलीतल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये खडूचा डबा, स्टेपलर, शाळेचा शिक्का आणि एक छोटी पांढरी बाटली अशी सगळी मंडळी गुण्यागोविंदाने राहत होती. ती बाटली डोळ्यात टाकायच्या थेंबांची. युडायसची माहिती भरायचे दिवस आले, की संध्याकाळी हमखास कुणीतरी म्हणायचं, "सर, तो ड्रॉप द्या ना जरा, डोळे फार चुरचुरतायत." बाटली कुणी आणली होती हे कुणालाच आठवत नव्हतं. मीही तिच्यातले थेंब टाकलेत. बरं वाटायचं, म्हणून पुन्हा टाकलेत.

एकदा मार्चमध्ये सहज चष्मा लावून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. घटकांमध्ये डेक्सामेथासोन! म्हणजे स्टिरॉइड. मुदतही संपून गेलेली. आणि आम्ही, मुलांना "पाकिटावरची माहिती वाचा रे" असं सांगणारी माणसं, वर्षभर तो ड्रॉप पाण्यासारखा वापरत होतो.

आम्ही चौघं जाऊन डोळे तपासून आलो. तिघांचं ठीक होतं. आमच्या एका मॅडमच्या डोळ्यातला दाब मात्र वाढलेला निघाला. त्या तो ड्रॉप जवळजवळ रोज टाकत होत्या आणि त्यांच्या वडिलांना काचबिंदू होता. ज्यांच्या घरात काचबिंदू आहे, त्यांच्यात स्टिरॉइडच्या थेंबांनी दाब वाढण्याची शक्यता जास्त असते. ड्रॉप बंद केल्यावर काही आठवड्यांत दाब खाली आला. वेळेत कळलं म्हणून. नाहीतर दाबाने डोळ्याच्या नसेचं जे नुकसान होतं ते परत भरून येत नाही, आणि ते होत असताना दुखतही नाही. म्हणून हा लेख.

मॅडमना झालं काय होतं? साधा कोरडेपणा. त्याला लागणारे थेंब वेगळे, ड्रॉवरमधले वेगळे. आपल्याकडे मात्र सगळ्यांना एकच नाव : "डोळ्याचा ड्रॉप".

आधी कोरडेपणा समजून घेऊ. दहावीला भिंगांच्या धड्यात डोळा शिकवताना आपण पारपटलापासून सुरुवात करतो. खरं तर प्रकाश पारपटलाच्याही आधी एका पातळ थरावर पडतो, तो थर अश्रूंचा. त्यात पापणीच्या कडेच्या ग्रंथींमधून येणारं तेल असतं, अश्रुग्रंथीचं पाणी असतं आणि पाणी डोळ्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो. तेल वर पसरतं म्हणून पाणी लवकर उडून जात नाही. पापणी लवली, की हा थर पुन्हा सारखा पसरतो. थर जागोजाग तुटला की डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, आग होते, अक्षर धूसर होतं आणि दोन-चारदा पापण्या मिटल्या की परत स्पष्ट दिसतं. ही खूण लक्षात ठेवा. चष्म्याचा नंबर वाढला तर पापणी मिटून अक्षर सुधारत नाही.

गंमत म्हणजे कोरड्या डोळ्यातून पाणीही येतं. डोळा चुरचुरला की अश्रुग्रंथी घाईने पाणी सोडते, पण ते नुसतं पाणी, टिकत नाही. त्यामुळे "माझ्या डोळ्यातून तर सारखं पाणी येतं, कोरडे कसे असतील?" हा प्रश्न बरोबर वाटला तरी फसवा आहे.

वर्गात एक प्रयोग करून बघा. मुलांच्या जोड्या लावा. एकाने एक मिनिट गप्पा मारायच्या, दुसऱ्याने त्याच्या पापण्या किती वेळा लवतात ते मोजायचं, पण आपण काय मोजतोय ते सांगायचं नाही. मग त्यालाच एक मिनिट मोबाइलवरचा मजकूर वाचायला द्यायचा. गप्पा मारताना साधारण पंधरा-वीस वेळा लवणारी पापणी वाचताना निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. ऑनलाइन माहिती भरताना आपले डोळे का भाजतात, ते मुलंच तुम्हाला सांगतील. त्यात डोक्यावर गरगरणारा पंखा आणि दुचाकीवर तोंडावर येणारा उन्हाळ्याचा वारा. वाढतं वय, मधुमेह, संधिवात, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या यांनीही कोरडेपणा वाढतो.

आता बाटल्यांकडे येऊ. मेडिकलमध्ये डोळ्यांसाठी जे थेंब मिळतात त्यांत कोरडेपणासाठीचे म्हणजे कृत्रिम अश्रू. यांच्या घटकांत कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज, हायड्रॉक्सिप्रोपाइल मिथाइलसेल्युलोज, सोडियम हायलुरोनेट, पॉलिइथिलीन ग्लायकॉल यांपैकी काहीतरी दिसेल. नावं लांबलचक आहेत, पण काम एकच : ओलावा धरून ठेवणं. हे थेंब आजार "बरा" करत नाहीत, डोळ्याला आधार देतात. लाली घालवणारे थेंब निराळे. नॅफाझोलिनसारखं औषध रक्तवाहिन्या आकसवतं, डोळा पांढराशुभ्र दिसतो, आणि सारखं वापरलं तर परिणाम ओसरल्यावर लाली आणखी वाढून येते. माणूस पुन्हा थेंब टाकतो. तिसरे प्रतिजैविकाचे आणि स्टिरॉइडचे, पुष्कळदा दोन्ही एकाच बाटलीत. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लोरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल ही नावं लिहून ठेवा. लेबलवर लाल रेघ आणि 'आरएक्स' असं चिन्ह असेल तर ती बाटली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. मागच्या वर्षीची उरलेली, शेजाऱ्यांनी दिलेली, आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कपाटात राहिलेली, कुठलीच नाही.

कृत्रिम अश्रूंमध्येही एक गोष्ट बघायची असते, ती म्हणजे परिरक्षक. बाटली महिनाभर उघडी राहते, त्यात जंतू वाढू नयेत म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइड वगैरे घालतात. दिवसातून दोन-तीनदा थेंब टाकणाऱ्याला त्याचा सहसा त्रास होत नाही. पण चारपेक्षा जास्त वेळा टाकावे लागत असतील तर तेच परिरक्षक डोळ्याचा पृष्ठभाग दुखवू लागतं. अशा वेळी परिरक्षक नसलेले थेंब मागा. ते एकदाच वापरायच्या छोट्या कुप्यांत मिळतात किंवा खास झडप असलेल्या बाटलीत. महाग पडतात, हे खरं आहे. म्हणून काहीजण फोडलेली कुपी तीन-चार दिवस पुरवतात. तिथे काटकसर नको.

त्याचं कारण २०२३ साली साऱ्या जगाने पाहिलं. तमिळनाडूत तयार होऊन अमेरिकेत विकल्या गेलेल्या कृत्रिम अश्रूंशी जोडलेली एक साथ तिथे पसरली. थेंबांत परिरक्षक नव्हतं, आणि बाटली मात्र पुन्हा पुन्हा वापरायची होती. औषधांना दाद न देणारा स्युडोमोनास नावाचा जंतू १८ राज्यांतल्या ८१ जणांमध्ये सापडला. १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चौघांचा मृत्यू झाला. तिथे दोष कारखान्यातल्या निर्जंतुकपणाचा होता, वापरणाऱ्यांचा नव्हे. पण डोळ्यात जाणाऱ्या थेंबात जंतू असला तर काय होतं, ते यातून कळतं. आपण बाटलीचं टोक पापणीला लावतो, झाकण टेबलावर पालथं ठेवतो, एकच बाटली पाच जणांत फिरवतो, तेव्हा जंतूंना आपणच आत बोलावतो. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आपल्याकडे डोळ्यांची साथ आली होती. तेव्हा किती घरांत एकच ड्रॉप सगळ्यांच्या डोळ्यात पडला असेल!

टाकायची पद्धत सोपी आहे, तरी बहुतेकांची चुकते. हात साबणाने धुवा. मान मागे करा, खालची पापणी बोटाने हलकी ओढा म्हणजे एक खिसा तयार होतो. वर बघा आणि बाटलीचं टोक कुठेही न टेकवता त्या खिशात एक थेंब सोडा. एकच. डोळ्यात एका थेंबाएवढीही जागा नसते, दुसरा गालावरच जातो. मग एखादं मिनिट डोळे अलगद मिटून ठेवा, फडफडवू नका. दुसरं काही औषध चालू असेल तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. लेन्स वापरत असाल तर ती काढून थेंब टाका आणि पंधरा मिनिटांनी परत लावा. घट्ट जेल किंवा मलम रात्री झोपताना, कारण त्यानंतर थोडा वेळ धूसर दिसतं. ते लावून गाडीला किक मारायची नाही. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख मार्करने तिच्यावर लिहा. महिना झाला की उरलेलं टाकून द्या, छापील मुदत पुढच्या वर्षीची असली तरी.

गुलाबपाणी, मध, एरंडेल, आईचं दूध हे काहीही डोळ्यात घालू नका. आजीचा राग येईल, येऊ द्या. यातलं काहीही निर्जंतुक नसतं.

पालकांसाठी थोडं वेगळं. मूल सारखे डोळे चोळत असेल तर बहुधा तो कोरडेपणा नसतो, ॲलर्जी असते. उन्हाळा लागला की ती वाढते. डॉक्टर कधीकधी थोड्या दिवसांसाठी स्टिरॉइडचा थेंब देतात, दोन दिवसांत खाज थांबते, आणि मग पुढची दोन वर्षं पालक तीच चिठ्ठी किंवा रिकामी बाटली दाखवून तोच ड्रॉप आणत राहतात. अशा मुलांना काचबिंदू झाल्याची उदाहरणं नेत्रतज्ज्ञ वारंवार सांगतात. वर्गात एखादं मूल फळा दिसत नाही म्हणू लागलं, तर "कुठला ड्रॉप टाकतोस का रे?" हा प्रश्नही विचारा. आणि लहान मुलाला संध्याकाळनंतर दिसेनासं झालं, डोळ्याचा पांढरा भाग निस्तेज, सुरकुतल्यासारखा दिसू लागला, तर ते जीवनसत्त्व 'अ'च्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. तिथे थेंब कामाचे नाहीत, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं.

मोठ्यांनीही डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर कमी झाली असेल, पू येत असेल किंवा एकाच डोळ्याला त्रास असेल, तर थेंबांवर दिवस काढू नयेत. नुसता कोरडेपणा असेल तर थेंबांबरोबर पंख्याची जागा बदला, दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांब बघा, पापण्या पूर्ण मिटा, रात्री कोमट पाण्यात पिळलेला कपडा पाच-दहा मिनिटं मिटल्या डोळ्यांवर ठेवा. दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला तर तपासणी.

आमच्या ड्रॉवरमध्ये आता बाटली नाही. ज्याला लागते तो स्वतःच्या पर्समध्ये, डब्याच्या पिशवीत ठेवतो, वर नाव आणि तारीख घालून. मॅडम दर सहा महिन्यांनी दाब मोजून येतात. मागच्या आठवड्यात माझ्या बाटलीवरची तारीख त्यांनीच वाचली आणि म्हणाल्या, "सर, महिना होऊन चार दिवस झाले."